तारेने बांधलेली दांडी

माझी बस सेकंडहॅण्ड. आठवडाभर धाटाव एमआयडीसीतल्या कामगारांची ने-आण आणि रविवारी पालीला, नाहीतर दिवेआगरला भाडं. मागच्या चाकांना पाट्यांऐवजी हवेचे बलून होते. त्यांचं मला फार कौतुक, कारण नागोठण्याकडचे खड्डे आत बसणाऱ्याला निम्मेच कळायचे.

बलूनमध्ये किती हवा ठेवायची ते लेव्हलिंग व्हॉल्व्ह ठरवतो. त्याची एक बारीक दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माणसं चढून बॉडी खाली आली की दांडी हलते आणि हवा भरते; माणसं उतरली की जादा हवा सुटते. माझ्या बसच्या दांडीची कडी झिजून निसटायला लागली. पहिल्यांदा निसटली तेव्हा बस डावीकडे कललेली. रोह्याच्या गॅरेजवाल्याला म्हटलं, "दादा, दुपारच्या पाळीला गाडी पायजे." त्याने बाइंडिंग वायरने दांडी बांधून दिली. वर सांगितलंही, की कंपनीच्या वर्कशॉपला दाखवा, हे टिकायचं नाही. मी मान हलवली. पुढे वायर तुटली की मीच नवी बांधू लागलो.

एका पहाटे ती भिसे खिंडीत, उताराच्या वळणावर तुटली. बसमध्ये रात्रपाळी करून परतणारी माणसं, बरीचशी झोपेत. गाडी एका अंगावर बसली, टायर घासायला लागला, जळक्या रबराचा वास आत भरला. डोंगराच्या कडेला कशीबशी थांबवली. कोणाला लागलं नाही. पण एका वयस्कर कामगाराने खाली वाकून ती तार पाहिली आणि विचारलं, "तुम्हाला आधी माहीत होतं का?" मी हो म्हटलं.

पनवेलच्या वर्कशॉपमध्ये चॅसिस नंबर टाकल्यावर समजलं, की याच कडीसाठी त्या मॉडेलच्या गाड्या केव्हाच परत बोलावल्या होत्या. सुटा भाग फुकट, मजुरीही फुकट. पत्र गेलं होतं ठाण्याच्या पहिल्या मालकाला. बस घेताना फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून बाकीचं मी एजंटवर सोपवलं होतं. पेणच्या आरटीओत नाव माझं लागलं, मोबाइल नंबर मात्र एजंटचा राहिला. तो बदलायला पेणला जाणं मी टाळत आलो. बस बनवणाऱ्यांना मालक बदलल्याचं कळवावं, हे तर मनातही आलं नाही.

नंतर मी कायदा समजून घेतला. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 110-ए आलं, त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू झाले. ठरावीक प्रमाणात मालकांच्या तक्रारी आल्या, तर सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकतं. हे वाचल्यापासून मला पत्र हुकल्यापेक्षा तारेची चूक जास्त टोचते. दांडी निसटली तितक्या वेळा माझ्याकडे एक खरी तक्रार होती, आणि ती मी गॅरेजमध्येच मिटवली. माझ्यासारख्यांच्या तक्रारी कुठे नोंदल्याच जात नाहीत, तर दोष कोणाला दिसणार?

गाडी परत बोलावल्याची सूचना हातात पडली असती तर गाडी दुरुस्त होण्याआधीही उपयोग झाला असता. सप्टेंबर 2021 मध्ये मारुती सुझुकीने 1,81,754 गाड्या तपासणीसाठी बोलावल्या, तेव्हा तोवर साचलेल्या पाण्यातून गाडी नेऊ नका, असंही कळवलं होतं. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्याला असं एक वाक्य किती मोलाचं आहे, हे सांगायला नको.

पेणला जाऊन नंबर बदलला. मग कामगारांना पाळी सुटताना थांबवून सगळं सांगितलं. काही जण रागावले, ते बरोबरच होतं. एकाने माझ्या बसने येणं सोडलं. माणगावकडे त्याच मॉडेलच्या बस चालवणारे दोघे ओळखीचे आहेत. त्यांचे चॅसिस नंबर घेऊन मी पनवेलला फोन केला. दोन्ही गाड्या यादीत निघाल्या, आणि एकीच्या दांडीला माझ्यासारखीच तार होती.