पाणी आलं!

आमच्या उस्मानपुऱ्यात पाणी येणं ही बातमी असते. जायकवाडी भरलेलं असलं तरी नळाला मधे काही दिवसांचा खंड ठरलेलाच. म्हणून सोसायटीसाठी एक छोटं ॲप केलं. पाणी सुटलं की सगळ्यांच्या मोबाईलवर सूचना!

तर झालं असं, रविवारी रात्री २ वाजता फायरबेसच्या कन्सोलवर चाचणी घेत बसलो होतो. चाचणीचा मेसेज फक्त आपल्या फोनचं टोकन देऊन पाठवायचा असतो. मी अख्खं ॲप निवडलं आणि बटण दाबलं. दोन मिनिटांत वरती बादल्या वाजल्या. खालच्या काकूंनी मोटर लावली, ती कोरडीच घुरघुरली. गेलेला मेसेज परत घेता येत नाही. दारोदार जाऊन माफी मागितली.

सकाळी ९ला एका काकांनी बंद ठेवलेला फोन सुरू केला. पुन्हा "पाणी आलं!" मुदत आपण कमी केली नाही, तर फोन बंद असताना आलेला मेसेज फायरबेस ४ आठवडे धरून ठेवतं. आता मी १ तास केलीय.

शुक्रवारी पहाटे खरंच पाणी आलं. सूचना गेली. काकू उठल्याच नाहीत. "अरे, मला वाटलं तुझं परत काहीतरी चाललंय!"

आमच्या टाकीतून त्यांना चार घागरी भरून दिल्या. असो.