पावसातील सायकल

पावसाचे कौतुक करणाऱ्या वाङ्मयाचा बराचसा भाग कोरड्या ओसरीवर बसून लिहिला गेला असावा, असा आमचा जुना संशय आहे. कालिदासाच्या यक्षाने रामगिरीवरून मेघाला अलकेची वाट सांगितली. पण त्या वाटेने त्याला स्वतःला जावयाचे नव्हते, आणि सायकलवरून तर मुळीच नव्हते. त्याने मेघाला दाखविलेली रेवा, म्हणजे नर्मदा, आमच्या नंदुरबार जिल्ह्याची उत्तर सीमा आहे. तेव्हा या विषयात दोन शब्द बोलण्याचा अधिकार आम्हांसही पोहोचतो.

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकाने सायकल वापरावी, यात लोकांना दारिद्र्य तरी दिसते किंवा व्रत तरी. आमच्या घरच्यांना हट्ट दिसतो. मृग लागला की सायकलीला कुलूप घालण्याची भाषा सुरू होते. तिला आधार नाही असे नाही. लोखंडी रिम भिजली, की ब्रेकचे रबर तिच्यावरून नुसते घसरते. चाकाचे दोनचार फेरे होऊन पाणी पुसले जाईपर्यंत धरल्याचा काही उपयोग नसतो. म्हणून पावसात ब्रेक दाबावयाचा तो म्हैस आडवी येण्यापूर्वी! चष्म्याची गोष्ट आणखी निराळी. तो घातला तर थेंब दिसतात, काढला तर काहीच दिसत नाही.

तरीही डांबरी सडकेवर निभावते. खरी परीक्षा प्रकाशाच्या अलीकडे, सडक सोडून शेतवाटेला लागल्यावर. तापीकाठची ही काळी माती उन्हाळ्यात तडकते, पाणी पिऊन फुगते आणि टायर व मडगार्ड यांच्यामध्ये अशी ठासून बसते, की चाक फिरेनासेच होते. मग काडीने कोरावयाचे, दहा पावले जावयाचे, पुन्हा कोरावयाचे. अखेर सायकल खांद्यावर येते आणि वाहन कोणाचे कोण, असा प्रश्न पडतो.

एका वर्षी पावसाने फार ताटकळविले होते. तो आला त्या दिवशी आम्ही असेच अडकून एका निंबाखाली उभे होतो. मोटारसायकल ढकलीत आलेले एक नोकरदार गृहस्थही तेथेच थांबले होते. आभाळाकडे पाहून ते म्हणाले, "आता पुरे झाला बुवा हा पाऊस!" पोत्याची खोळ डोक्यावर घेतलेला एक शेतकरी शेजारी होता. तो हलकेच म्हणाला, "साहेब, तसं नका म्हणू. कपाशी दुसऱ्यांदा लावलीय."

यावर कोणीच काही बोलले नाही. थोड्या वेळाने त्याने आमच्या हातातील काडी मागून घेतली, खाली बसला आणि मागचे चाक मोकळे करू लागला. आम्ही नको नको म्हणत होतो. निघालेली माती मात्र त्याने वाटेवर पडू दिली नाही. ओंजळीत धरली आणि बांधाच्या आत टाकली.