थेंबांचें गणित

अंकगणिताच्या पुस्तकांतील हौद व नळ यांची गांठ ज्यास पडली नाहीं असा सुशिक्षित मनुष्य विरळाच. अमुक नळ अमुक तासांत हौद भरतो, तर मिनिटास पाणी किती, हें काढतांना आम्हांस नेहमीं वाटे कीं, या हौदाचें पाणी पिणार तरी कोण? अशा उदाहरणाचा खरा उपयोग आम्हांस पुढें पुष्कळ वर्षांनीं, आमच्या वृद्ध मावशींच्या खाटेपाशीं दिसला.

मावशी जुलाबांनीं अगदीं गळून गेल्या होत्या, आणि त्यांचें हृदयही पूर्वींपासून अशक्त. एक लिटर सलाईन आठ तासांत द्यावें, असें डॉक्टरांनीं लिहिलें होतें. परिचारिकाबाईंनीं नळी जोडली, मनगटावरील घड्याळ डोळ्यांसमोर धरलें व कुपींत पडणारे थेंब त्या मोजूं लागल्या. हिशेब साध्या त्रैराशिकाचा. त्या नळीचे २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर. लिटराचे २०,००० थेंब. आठ तासांचीं मिनिटें ४८०. भागाकार साडेएकेचाळिसांहून थोडा अधिक. अर्धामुर्धा थेंब पाडतां येत नाहीं, म्हणून मिनिटास ४२.

आमच्या मावसभावास ही संथ गति सोसेना. “सिस्टर, चक्री जरा मोकळी करा ना, बाटली लवकर संपेल,” तो म्हणाला.

मोजणी पुरी करून बाई म्हणाल्या, “बाटली संपेल हो, दादा, पण आजींच्या हृदयाला तें पाणी पेललें पाहिजे.”

पुस्तकांतील हौद आणि मनुष्यदेह यांतील सारा भेद या उत्तरांत आला. हौद एका तासांत भरला काय किंवा आठ तासांत भरला काय, त्यास सुखदुःख नाहीं. देहाचें तसें नाहीं. दुबळ्या हृदयावर पाण्याचा लोंढा आला तर तें फुप्फुसांत सांचतें व श्वास कोंडतो. उलट पटकीनें पार शुष्क झालेल्या तरुणास हाच संथपणा घातक. पन्नास किलो वजनाच्या अशा रोग्यास पहिल्या अर्ध्या तासांतच दीड लिटर द्यावें लागतें. तेथें थेंब मोजण्यास अवसर नसतो, धारच सोडावी लागते. खारें पाणीच दोहोंकडे. काळाच्या मापानें तें तारक किंवा मारक होतें.

पटकीच्या रोग्यांस शिरेवाटे मिठाचें पाणी देण्याचा उपाय स्कॉटलंडांतील लीथ येथें डॉ. टॉमस लाट्टा यांनीं १८३२ मध्यें केला. त्यांचा पहिला रोगी म्हणजे एक वृद्ध स्त्री. अर्ध्या तासांत ती सावध झाली; तेव्हां तिला दुसऱ्याच्या हवालीं करून डॉक्टर गेले. जुलाब पुन्हां सुरू झाले, पाणी मात्र पुन्हां दिलें गेलें नाहीं, आणि कांहीं तासांतच ती वारली. एकदां केलेला हिशेब पुरत नाहीं, हें त्या बाईच्या मृत्यूनें दाखविलें.

आजही तेंच आहे. हात कोपरांत वाकला, बाटली खालवर झाली, कीं थेंबांची गति बदलते. म्हणून मोजणी फिरून फिरून करावी लागते. आतां पुष्कळ ठिकाणीं पंप असतो. पण त्यास सांगावयाचा आंकडा माणसासच काढावा लागतो. आप्ताच्या उशाशीं बसणारानें त्या चक्रीस हात लावूं नये. थेंब मंदावले किंवा वेगावले असें वाटलें, तर रात्रीं दोन वाजतांही परिचारिकेस खुशाल हांक मारावी.