अंगत-पंगत

भूक एकट्याला लागते. पण अन्नाची पुरती गोडी एकट्याला क्वचितच कळते. घरी एकटाच असलेला मनुष्य पोटापुरते शिजवतो, ताटाकडे फारसे न पाहता चार घास गिळतो आणि उठतो. त्याच मनुष्याकडे रात्री दोन स्नेही जेवायला यावयाचे ठरले, की त्याची चालच बदलते. सकाळीच तो मंडई गाठतो. भरल्या वांग्यांसाठी लहान, काटेरी देठांची वांगी तो एकेक पारखून घेतो. आमटीत गूळ अंमळ जास्त तर झाला नाही ना, म्हणून पळी पुन्हा पुन्हा जिभेला लावून पाहतो. स्वयंपाकघर तेच आणि हातही तेच. मात्र आता त्या पदार्थाला कोणाची तरी वाट पाहावयाची असते. पहिला घास घेऊन पाहुण्याने ‘वा!’ म्हटले, म्हणजे मगच तो पदार्थ खऱ्या अर्थाने शिजून तयार होतो.

या सुखाला मराठी भाषेने मोठे लाडके नाव दिले आहे: अंगत-पंगत. ज्याने त्याने आपापल्या घरून काही आणावे, सर्वांनी ते मध्ये मांडावे आणि वाटून खावे. येथे कोणी यजमान नाही आणि कोणी पाहुणा नाही. एकाच्या डब्यातून खानदेशी भरीत आणि कळण्याची भाकरी निघते. दुसऱ्याच्या डब्यातून कोकणातील ओल्या काजूंची उसळ. कोणी सोलापुरी शेंगांची चटणी आणतो, तर कोणी नागपूरकडचा गोळाभात. साधी तुरीच्या डाळीची आमटी घेतली, तरी एका घरी तिच्यात गोडा मसाला, आमसूल आणि गूळ. दुसऱ्या घरी लसणाची खमंग फोडणी आणि कांदा-लसूण मसाला. आपल्या आईची आमटी हीच खरी आमटी, असे प्रत्येकाला वाटत असते. शेजाऱ्याच्या वाटीतील घोट घेतला, की त्या समजुतीला पहिला धक्का बसतो. थोडा वाद होतो, थोडी थट्टा होते, आणि शेवटी ‘हिची कृती काय?’ असा प्रश्न येतो. एका घरची चव दुसऱ्या घरी राहावयास जाते, ती अशी.

हिवाळ्यात शेतावरचा हुरडा पाहावा. आगटीत ज्वारीची कोवळी कणसे भाजली जातात. एकजण ते ऊन ऊन कणीस तळहातांत चोळतो, फुंकर घालून कोंडा उडवतो आणि हिरवे, मऊ दाणे शेजाऱ्याच्या ओंजळीत टाकतो. चोळणारा एक आणि खाणारे चार! एकट्याने हुरडा खाण्यात मौज ती काय?

पंगतीची शिस्तही याच सहवासातून निर्माण झाली. डाव्या बाजूस चटणी-कोशिंबीर, उजव्या बाजूस भाजी, मध्ये भाताची मूद. सर्वांची पाने वाढून झाल्याखेरीज कोणी घास घ्यावयाचा नाही आणि शेजाऱ्याचे जेवण आटोपल्याखेरीज कोणी उठावयाचे नाही. वाढणाऱ्याने एकाच्या भातावर तुपाची धार धरली आणि दुसऱ्याच्या भातावर थेंब टाकला, तर त्या वागण्याला ‘पंक्तिप्रपंच’ असा शब्द आहे. ज्या भाषेने या एका दोषासाठी वेगळा शब्द राखून ठेवला, तिच्या लोकांना तो किती बोचत असला पाहिजे!

परंतु खरा पंक्तिप्रपंच तुपाच्या धारेत नव्हता. पंगतीत कोणी बसावयाचे आणि कोणी बाहेर तिष्ठत राहावयाचे, हे जातीवर ठरत असे, तेथे तो होता. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेचे सभासद जातिभेद मोडण्यासाठी एकत्र बसून खात. पण तेही गुप्तपणे. १८९० साली पुण्यातील पंच हौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. केवळ त्या चहापायी शहरात मोठे ग्रामण्य माजले आणि लोकमान्य टिळक व न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवरही प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. एका पेल्यात केवढे वादळ मावले होते!

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी याच चहाने दुसरा धडा घालून दिला. गंगाराम कांबळे या अस्पृश्य मानल्या गेलेल्या गृहस्थांनी महाराजांच्या उत्तेजनाने चहाचे हॉटेल काढले. सवर्ण लोक तिकडे फिरकेनात. तेव्हा महाराज आपल्या लवाजम्यासह त्या हॉटेलाशी थांबू लागले. कांबळे यांच्या हातचा चहा ते स्वतः घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही घ्यावयास लावीत. राजवाड्यातून अन्न पाठवणे महाराजांना अवघड नव्हते. तसे दान पुष्कळ राजांनी केले आहे. पण देणाऱ्याचा हात वर राहतो आणि घेणाऱ्याचा खाली. ज्याच्या हातचे कोणी घेत नव्हते, त्याच्या हातचे महाराजांनी घेतले, आणि त्या एका कृतीने दोन्ही हात एका पातळीवर आले.

पुढे शहरांतील खानावळींनी आणि उपाहारगृहांनी हीच गोष्ट फारसा गाजावाजा न करता चालू ठेवली. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार खानावळवाल्या बायकांच्या हातचे जेवत आणि घरची आठवण थोडी विसरत. अशाच कष्टाळू बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. इराण्याच्या हॉटेलातील संगमरवरी टेबलावर एका बाजूस कारकून, तर दुसऱ्या बाजूस हमाल येऊन बसे. समोरचा मनुष्य कोण, हे न विचारता दोघेही ब्रून-मस्का चहात बुडवीत. चार खवय्ये मित्र नावाजलेल्या मिसळीसाठी दूरच्या गावी जातात. बाकावर दाटीवाटीने बसून, नाकाडोळ्यांतून पाणी गाळीत, आणखी रस्सा मागतात. काही वर्षांनी मिसळीची किंमत कोणालाच आठवत नाही. शेवटचा पाव कोणी कोणाला दिला, एवढे मात्र सर्वांच्या स्मरणात असते.

शाळेच्या मधल्या सुट्टीत ही कसोटी रोज लागते. मुले झाडाखाली गोल करून डबे उघडतात. कोणाच्या डब्यात पुरी-श्रीखंड असते. एखादा मुलगा मात्र डब्याचे झाकण अर्धवट उघडून, आडोसा करून जेवतो. त्यात काल रात्रीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा असतो. त्याच्या झाकणावर दोन पुऱ्या ठेवणे चांगलेच. पण त्याने त्याचा संकोच जाईलच असे नाही. अशा वेळी एखादा शहाणा सोबती हात पुढे करतो आणि म्हणतो, “तुझा ठेचा दे की थोडा!” ठेचा जिभेला झोंबतो, डोळ्यांत पाणी येते, सारे हसतात, आणि दुसराही हात त्या डब्याकडे वळतो. मग ते झाकण आपोआप बाजूला होते. दुसऱ्या दिवशी तो मुलगा घरून निघताना आईला सांगतो, “आई, ठेचा थोडा जास्त दे. सगळ्यांना लागतो.”