पाचशे ग्रॅमचा चाप

अकोटहून शहानूरला जाऊन नरनाळा किल्ला चढलं की नऊगजी तोफ भेटते. लांबी हाच तिचा तोरा. असल्या हत्याराला नेम धरावा लागत नाही, दिशा दिली की पुरे. मला मात्र वेड आहे ते उलट्या टोकाच्या वस्तूचं, दहा मीटरवरच्या स्पर्धेतल्या एअर पिस्तुलाचं. छर्रा 4.5 मिलिमीटरचा आणि दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिलिमीटरचं. धरायचं एकाच हातानं, त्या हाताला कशाचाही टेकू नाही. 75 मिनिटांत 60 नेम. वजन दीड किलोच्या आत हवं आणि चाप किमान 500 ग्रॅमचा. तो तपासताना चापाला तेवढं वजन अडकवून पिस्तूल उभं उचलतात. तेवढ्यानंच चाप सुटला तर पिस्तूल बाद.

शौकिनांची भांडणं लागतात ती या पाचशे ग्रॅमवरून. स्वित्झर्लंडच्या मोरिनीच्या सीएम 162 ईआयमध्ये चाप विजेवर चालतो. बोट दाबलं की मंडल जुळतं आणि छर्रा गेलेला असतो. मध्ये कुरकुर नाही, घासणं नाही. ऑस्ट्रियाच्या स्टायर एलपी 10चा चाप यांत्रिक. बोटाला आधी एक पायरी लागते, तिथं क्षणभर थांबता येतं, मग सुटका. शिवाय त्याच्या पोटात एक वजन असतं. छर्रा पुढं निघाला की ते मागं सरकतं आणि हिसका गिळून टाकतं. जर्मनीची वाल्थर आणि फाइनवेर्कबाऊही याच तोलाची. माझं मत स्टायरला. भारनियमनात वाढलेल्या वऱ्हाडी माणसाचा बॅटरीवर जीव बसत नाही, एवढंच त्याचं कारण असेल.

बावीस बोअरचं प्रकरण वेगळं. तिथं परवाना आला, कागदपत्रं आली. इटलीच्या पार्दिनीत गोळ्यांची मॅगझिन चापाच्या पुढं बसवलेली असते, त्यामुळं नळी मुठीला लागून खाली येते आणि बार झाल्यावर तोंड फार उसळत नाही. भराभर पाच गोळ्या झाडताना ही खाली बसलेली नळी सोन्याच्या मोलाची. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं 2018 साली पालेमबांगला आशियाई सुवर्ण जिंकलं ते 25 मीटरच्या पिस्तूल प्रकारात, तेही बरोबरी सोडवायला दोनदा शूट-ऑफ खेळून. तिथं हात हलला असता तर कुठल्या कारखान्यानं सावरला असता?

खरं म्हणजे महाग पिस्तूल नेम देत नाही, सबबी काढून घेतं. अर्थात यंत्रही कधी दगा देतं. टोकियो ऑलिम्पिकमध्ये नेमबाज मनू भाकरचं पिस्तूल ऐन फेरीत बिघडलं, दुरुस्तीत वेळ गेला आणि ती बारावी आली. पॅरिसला तिनं दोन कांस्यपदकं घेतली. त्याच पॅरिसमध्ये खिशात हात घालून उभा राहिलेला तुर्की युसुफ दिकेच साधेपणासाठी जगभर गाजला. चष्मा साधा होता खरा, पण हातातलं पिस्तूल मुळीच साधं नव्हतं.

अशा पिस्तुलाची मूठ अक्रोडाच्या लाकडाची. ती कानशीनं घासून, पुट्टी भरून आपल्या तळव्याची करून घ्यावी लागते. अकोल्याचा मे पंचेचाळीस अंश ओलांडतो तेव्हा घामेजल्या हातात गुळगुळीत लाकूड फिरतं, म्हणून इकडच्या पोरांनी मूठ खरबरीतच ठेवावी.

आणि किंमत? नव्या पिस्तुलाला दीड लाख धरा. लांब धाग्याच्या कापसाचा 2024-25चा हमीभाव क्विंटलला 7521 रुपये. म्हणजे वीस क्विंटल कापूस, कोरडवाहू चार-पाच एकरांतली वर्षाची पराटी. अमरावतीच्या एका मित्राच्या वडिलांनी, कास्तकार माणसानं, पोराचं पिस्तूल हातात घेऊन पहिलंच विचारलं, “केवढ्याले पडलं हे?” आकडा ऐकून ते खाटेवर बसले. मी म्हटलं, “काका, जुनं घेतलं तर स्वस्तात पडतं. फक्त हवेच्या सिलिंडरवर कोरलेली तारीख बघायची, दहा वर्षांनी तो बाद होतो.”

त्यावर ते एकदम सावध झाले. पोराकडं वळून म्हणाले, “तारीख आधी पायजो बापा. बियान्याच्या थैलीवरबी पायतोच नं आपून.”