त्रेचाळीसाला अकरा

स्नेह्यांच्या १९५८ सालच्या एम. जी. ए. मोटारीचे क्राऊन-पिनियन बदलावे की नाही, या विचारात आज बुलढाण्यातली सारी संध्याकाळ सरली. मूळ रचनेत पिनियनला १० दाते आणि क्राऊनला ४३. त्याऐवजी आरंभीच्या एम. जी. बी.ची ११ दात्यांची जोडी त्याच एक्सलमध्ये बसते आणि समान वेगाला इंजिनाच्या फेऱ्या शेकडा नवांनी उतरतात. मेहकरकडच्या समृद्धी महामार्गावर ही बचत निःसंशय सुखावह ठरेल. परंतु चाकांवरचा जोरही त्याच प्रमाणात घटतो, आणि मलकापूरहून वर येताना लागणारी राजूर घाटाची चढण हा हिशेब कडक शिरस्तेदारासारखा तपासून घेते. माझा कौल मूळ जोडीच्याच बाजूने आहे. कारण घाटात तिसऱ्या गिअरवर ते इंजिन ज्या उत्साहाने ओढते, तोच या मोटारीचा प्राण होय. तरीही बदल करायचाच, तर दात्यांना निळा रंग लावून, जोडी हाताने फिरवून, ठसा दात्याच्या मध्यावर उमटतो की नाही हे मिस्त्रींनी पाहिल्यावाचून हाउसिंग बंद करू नये. शिवाय वेगमापकाची केबल गिअरबॉक्समधून निघते. त्यामुळे काटा १०० दाखवील तेव्हा मोटार ११०च्या वेगाने धावत असेल, म्हणून काट्याची दुरुस्तीही याच कामात धरावी.