जयंतीनंतर विहाराला कुलूप का?

१४ एप्रिलची मिरवणूक संपली की आमच्या वस्तीत दोन गोष्टी होतात. मंडळ हिशेबाला बसतं आणि विहाराला कुलूप लागतं. रविवारच्या वंदनेला ते निघतं, बुद्ध पौर्णिमेला निघतं, बाकी दिवस विहार बंद. नेमक्या याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते. जूनच्या मध्यापर्यंत, विदर्भात त्याहून पुढे, आपली लेकरं दिवसभर घरी आणि आईबाप कामावर.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या वस्तीतला नऊ वर्षांचा मुलगा खदानीत बुडाला. खडी काढून सोडून दिलेली खदान. कुंपण नाही, पाटी नाही. दुपारची वेळ होती. बरोबरची तीन पोरं ओरडत वस्तीत आली, तेव्हा घरोघरी फक्त म्हातारी माणसं होती. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. तिला निरोप पोचला तो मालकिणीच्या फोनवर.

आम्ही स्वतःला कार्यकर्ते म्हणवतो. त्या संध्याकाळी आमच्यातल्या बहुतेकांच्या तोंडी पहिलं वाक्य होतं, "आईचं लक्ष नव्हतं." लिहायला लाज वाटते, पण लिहिलंच पाहिजे. बापाच्या लक्षाबद्दल कुणी विचारलं नाही. मनुस्मृती जाळल्याचा वारसा सांगणारे आम्ही, आणि दोष द्यायची वेळ आली तेव्हा बोट बाईकडेच गेलं.

नंतर तिच्याकडूनच कळलं. आदल्या उन्हाळ्यात तिने मुलांना आत ठेवून बाहेरून कडी लावून पाहिली होती. पत्र्याचं घर, आत गॅस आणि चार वर्षांची धाकटी. पोराने भात गरम करायला शेगडी पेटवली आणि शेजारच्या दोरीवरच्या कपड्यांनी पेट घेतला. शेजारणीने कडी काढली म्हणून निभावलं. तेव्हापासून तिने कडी लावणं सोडलं. म्हणजे दार उघडं राहिलं ते बेफिकिरीने नाही. कोंडून ठेवलं तर आग, मोकळं सोडलं तर पाणी. तिच्यापुढे एवढेच दोन पर्याय आम्ही सगळ्यांनी मिळून ठेवले होते.

कायद्याचं बघा. १९४८ च्या कारखाने कायद्याने ३० पेक्षा जास्त स्त्रिया कामाला असतील तिथे पाळणाघराची तरतूद केली. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांवर ही जबाबदारी आली. चार घरी भांडी घासणाऱ्या बाईची आस्थापना कोणती? नाक्यावर उभं राहणाऱ्या बिगारी बाईची कोणती? १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा आईच्या विश्रांतीत राष्ट्राचं हित आहे, अशी त्यांची मांडणी होती. मूल सांभाळणं हे त्या बाईचं तिने बघावं, असं म्हणणारे आपण मग कुणाचे अनुयायी?

पाण्याचंही तसंच. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर काय झालं ते आमच्या वस्तीतलं पाचवीतलं पोर धडाधड सांगतं. पण त्याला पोहता येत नाही. २०१८ च्या जून महिन्यात जळगाव जिल्ह्यातल्या वाकडी गावात विहिरीत पोहले म्हणून मातंग समाजातल्या अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. ती चित्रफीत देशाने पाहिली. गावात विहिरीला मालक, शहरातल्या तलावाला शुल्क आणि पोहण्याची चड्डी-टोपी. मग उकाड्यात पोरं जाणार कुठे? खदानीला कुणी अडवत नाही, म्हणून खदानीत. तिला नदीसारखा उतार नसतो. काठावरून एक पाऊल पुढे टाकलं की पुरुषभर पाणी, आणि वर चढायला धरावं तर तासलेला कडा.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही विहार उघडा ठेवायचं ठरवलं. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. विरोध बाहेरून नाही, आतूनच झाला. पोरं घाण करतील, लाईट बिल कोण भरणार, वास्तूचं पावित्र्य राहणार नाही. डीजेच्या एका रात्रीच्या सुपारीत पंख्याचं दोन महिन्यांचं बिल भरून उरतं, हे हिशेबाच्या वहीतच दाखवलं तेव्हा मंडळ गप्प झालं. पावित्र्याचं उत्तर एका आजींनी दिलं. त्या म्हणाल्या, "लेकरं आली तर बुद्धाला काय त्रास व्हतोय? त्रास तुमाला हाय."

रोज दोन मोठी माणसं, त्यातली एक बाई. कुठल्याही मोठ्या माणसाने एका मुलाला एकट्याला घेऊन बसायचं नाही, मग तो अध्यक्ष का असेना. वहीत नाव लिहिलेल्या माणसाशिवाय मूल कुणाच्या हाती द्यायचं नाही. या नियमावर सगळ्यात जास्त कुरबुर झाली. "आपल्याच माणसांवर संशय?" होय, आपल्याच. मुलांना त्रास देणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो. पूर्वी अशी एक तक्रार "समाजाची बदनामी नको" म्हणत वस्तीतल्या वस्तीत मिटवली गेली, हे आम्हाला माहीत आहे. २०१२ च्या पोक्सो कायद्याने अशी गोष्ट कळल्यावर ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा गुन्हा आहे. बैठकीतला समेट या कायद्यात बसत नाही. १०९८ हा नंबर विहाराच्या भिंतीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, रंगवून घेतला आहे.

शाळेची खिचडी सुट्टीत बंद असते. म्हणून दुपारी एक वेळचं जेवण विहारातच. तांदूळ घरोघरचा, करायची पाळी पुरुषांचीसुद्धा. पहिल्या आठवड्यातली खिचडी करपली होती, ते असो.

मुलांना एक गोष्ट घोकून घेतली. कुणी बुडताना दिसलं तर पाण्यात उडी मारायची नाही. ओरडायचं, आणि दोरी, ओढणी, रिकामा बंद कॅन, जे तरंगेल ते फेकायचं. बुडणारा हाका मारत नाही, तोंड पाण्याबाहेर ठेवण्यातच त्याचा श्वास संपतो. हे त्या तीन पोरांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यातला एक आता बारा वर्षांचा आहे आणि लहानांना कॅन कसा फेकायचा ते दाखवतो.

खदानीला कुंपण आणि सुट्टीत वस्तीतल्या मुलांना तलाव मोफत, या दोन मागण्यांचा अर्ज तयार आहे. सह्या शंभराच्या वर झाल्या आहेत. पहिली सही त्या मुलाच्या आईची. सोमवारी सकाळी अकराला विहारापासून निघायचं आहे, ज्यांना जमेल त्यांनी या. त्या दिवशी मुलांजवळ थांबायला दोन माणसं कमी पडत आहेत, तीही हवी आहेत.